शिकाऊ विमान विकलं, मग त्याच्या पंखाखाली खुंट्या कशाला?

शिळोप्या

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय आहे. अमुक देशाने तमुक सरकारला प्रशिक्षण विमानं विकली आणि त्यावरून संसदेत गदारोळ झाला, असं वाचलं की पूर्वी मला नवल वाटायचं. तोफा विकल्या, बॉम्ब विकले तर ओरड समजू शकतो. पण पोरांना उडायला शिकवायचं विमान? ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवरून कधी कोणी मोर्चा काढलाय का?

मग ब्रिटन-इंडोनेशिया हॉक प्रकरण जरा खोलात वाचलं आणि डोळे उघडले.

थोडक्यात मांडतो. इंडोनेशियाने ७ डिसेंबर १९७५ला पूर्व तिमोरवर आक्रमण करून तो देश गिळला. त्यानंतर जेमतेम अडीच वर्षांनी, १९७८मध्ये, ब्रिटनने त्यांना हॉक विमानं विकायचा पहिला करार केला. कागदावर ही प्रशिक्षण विमानं. १९९३मध्ये आणखी २४ विमानांचा करार झाला, १९९६मध्ये १६ विमानांना परवाना मिळाला. आता गंमत बघा. १९९३च्या २४ विमानांपैकी ८ दोन आसनी होती आणि उरलेली १६ हॉक २०० जातीची, म्हणजे एकच आसन! विद्यार्थी आत बसला, तर गुरुजी कुठे बसणार? पंखावर?

२९ जानेवारी १९९६च्या पहाटे तीन बायका लँकेशायरमधल्या वॉर्टन इथल्या ब्रिटिश एरोस्पेसच्या कारखान्यात घुसल्या आणि इंडोनेशियाला जायला तयार असलेल्या एका हॉकवर त्यांनी चक्क हातोडे चालवले. आपण हे का करतोय ते सांगणारी व्हिडिओ टेप कॉकपिटमध्ये ठेवली आणि पळून न जाता अटकेची वाट बघत बसल्या. नुकसान १५ लाख पौंडांचं. चौथीला कट रचल्याबद्दल नंतर पकडलं. लिव्हरपूलच्या न्यायालयात त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की वंशसंहार हा ब्रिटिश कायद्यानेच गुन्हा आहे आणि मोठा गुन्हा रोखण्यासाठी वाजवी बळ वापरायची मुभाही कायदाच देतो. ३० जुलैला ज्यूरीने चौघींनाही निर्दोष सोडलं.

पुढच्याच वर्षी मजूर पक्षाचं सरकार आलं. परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी मे महिन्यात जाहीर केलं, की आमच्या परराष्ट्र धोरणाला नैतिक बाजू असेल. जुलैमध्ये त्याच सरकारने सांगितलं, की आधीच्या सरकारने दिलेले हॉकचे परवाने रद्द करणं व्यवहार्य नाही. विमानं गेली.

तर माझा प्रश्न: 'प्रशिक्षण विमान' हा शब्द विमानाचं वर्णन करतो, की परवान्यावर सही करणाऱ्याची सोय बघतो?

बोरूबहाद्दर

धागा मस्त. हातोडेवाल्या बायकांचं माहीत नव्हतं. हजारो मैल दूर असलेल्या बेटासाठी तुरुंगात जायची तयारी ठेवणं सोपं नाही.

घारीची नजर

शिळोप्याराव, विषय चांगला आहे, पण मांडणी एकांगी झाली आहे. दोन गोष्टी.

एक, १९९९पर्यंत ब्रिटिश सरकारची भूमिका अशी होती, की हॉक पूर्व तिमोरमध्ये वापरल्याचा पुरावा नाही. तिमोरी लोक सांगत होते, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. शेवटी १९९९मध्ये राजधानी दिलीवरून हॉक उडाल्याचं ब्रिटननेच मान्य केलं. उडाल्याचं! बॉम्ब टाकल्याचं नाही. कोर्टात टिकेल असं बोलायचं तर हा फरक ठेवायला हवा.

दोन, मला तुमचा मूळ सूरच पटत नाही. प्रत्येक सार्वभौम देशाला हवाई दल ठेवायचा हक्क आहे. वैमानिक आकाशातून पडत नाहीत, त्यांना शिकवावं लागतं. युरोपातल्या चार देशांनी ठरवायचं कोण सज्जन आणि कोण दुर्जन, हा कुठला न्याय? आपणही कधीकाळी त्यांच्या यादीत होतो, हे विसरू नका.

पाना पक्कड

हवाई दलात तंत्रज्ञ म्हणून बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून तांत्रिक बाजू सांगतो.

शिकाऊ विमानं साधारण दोन-तीन पायऱ्यांची असतात. पहिल्या पायरीवरचं पंख्याचं, हळू, चुका पोटात घालणारं. शेवटच्या पायरीवरचं जेट, लढाऊ विमानासारखंच वागणारं. या शेवटच्या पायरीवर शस्त्रं चालवायलाही शिकवावं लागतं, म्हणजे पंखाखाली शस्त्र टांगायच्या जागा लागतातच. हार्डपॉइंट म्हणतात त्यांना. तिथे सरावाचा बॉम्ब लटकतो तसा खराही लटकतो. विमानाला काय कळतंय? आणि ब्रिटननेच आपल्या हॉकना युद्धकाळासाठी साइडवाइंडर क्षेपणास्त्रं आणि पोटाखाली ३० मिमी तोफेचा पॉड लावायची सोय केली होती. विकणाऱ्याने स्वतःच दुहेरी वापर गृहीत धरल्यावर विकत घेणाऱ्याला नावं का ठेवायची?

पण हॉक २००बद्दल धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत. ते हलकं लढाऊ विमानच आहे.

मिश्किल मावशी

हार्डपॉइंटला मराठीत काय म्हणायचं? 'कठीण बिंदू' म्हणाल तर मी धागा सोडून जाईन.

पाना पक्कड

आमच्याकडे हार्डपॉइंटच म्हणायचे, मावशी. 😄

बोरूबहाद्दर

खुंटी! भिंतीला खुंटी असली की त्यावर सदरा अडकवा नाहीतर तलवार, भिंतीची तक्रार नाही.

मिश्किल मावशी

खुंटी मंजूर. शिळोप्या, शीर्षक बदला.

शिळोप्या

बदललं. 🙏

कायद्याचं बोला

या खुंट्यांवर एक अख्खं राष्ट्र कित्येक वर्षं भांडतंय. स्वित्झर्लंड! तटस्थ, घड्याळं, चॉकलेट वगैरे. तिथे निडवाल्डन प्रांतात श्टान्स नावाच्या गावी पिलाटस कंपनी आहे. तिची पीसी-७, पीसी-९ ही पंख्याची शिकाऊ विमानं जगभर खपली. ती इराकने घेतली, ग्वाटेमालाने घेतली, ब्रह्मदेशाने घेतली. १९९४च्या जानेवारीत मेक्सिकोच्या चियापास राज्यात झापातिस्ता बंडखोरांचा उठाव झाला, तेव्हा सरकारच्या पीसी-७ विमानांनी त्यांच्यावर रॉकेटं डागली. कारखान्यातून विमान निघतं तेव्हा त्यावर शस्त्र नसतं. शस्त्र लागतं परदेशात, दुसऱ्याच कोणाच्या हाताने.

यावर स्विस कायद्यातली मेख अशी: १९९६मध्ये त्यांनी दोन कायदे केले, एक युद्धसामग्रीचा आणि एक नियंत्रित मालाचा. दुसरा पुष्कळ सैल. खुंट्या असलेली शिकाऊ विमानं या दुसऱ्या कायद्याखाली 'विशेष लष्करी माल' ठरतात, युद्धसामग्री नाही. म्हणजे यादवी चाललेल्या देशाला बंदूक विकताना जेवढी चौकशी होते, तेवढी विमान विकताना होत नाही. कुठल्या खणात ठेवलं यावर सगळं अवलंबून.

आणि मग चाड. २००६मध्ये चाडला एक पीसी-९ विकलं. एकच. अट अशी, की फक्त प्रशिक्षणासाठी वापरायचं. चाडने तसं लिहून दिलं. जानेवारी २००८मध्ये त्याच विमानातून त्यांनी सीमेपलीकडे सुदानच्या दारफुरमधल्या बंडखोरांवर बॉम्ब टाकले. लिहून दिलेला कागद बर्नमध्ये फाईलला लावलेला होता. तो काही विमानाबरोबर उडत नाही.

घारीची नजर

कायदेवाले, मग दक्षिण आफ्रिकेचंही सांगा की. वर्णद्वेषाच्या शेवटच्या दिवसांत, संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी अजून लागू असताना, त्यांना ६० पीसी-७ मार्क २ हवी होती. स्विस सरकारने खुंट्या काढायला लावल्या आणि मग विक्रीला परवानगी दिली. म्हणजे मार्ग निघतो. एकदम 'विकू नका' हे टोक कशाला?

कायद्याचं बोला

बरोबर, ते उदाहरण तुमच्या बाजूचं आहे. पण एक बघा: खुंट्या काढल्या याचाच अर्थ मुद्दा खुंट्यांचा होता, हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं.

खारावारा

मी नौदलाशी संबंधित, त्यामुळे दुसऱ्या टोकाने बघतो. सगळे विकणाऱ्याबद्दल बोलताय. घेणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा.

१९९८च्या पोखरणनंतर अमेरिकेने निर्बंध लादले. आपल्या नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं ब्रिटनमधल्या वेस्टलँडने बनवलेली, पण मूळ परवाना अमेरिकेच्या सिकॉर्स्कीचा. झालं! सुटे भाग अडकले. हेलिकॉप्टर आपलं, पैसे आपण मोजलेले, आणि किल्ली तिसऱ्याच्याच खिशात. त्यानंतर कुठलाही ब्रिटिश माल घेताना त्यात अमेरिकी भाग किती, हा प्रश्न आपण आधी विचारायला लागलो. पुढे आपण हॉक घेतली, तेव्हाच्या वाटाघाटींतही तो होताच.

पाना पक्कड

हॉकचा विषय निघालाच आहे तर.

आमच्या पिढीने फार सोसलंय यात. किरण या साध्या शिकाऊ जेटवर शिकलेला पोरगा थेट मिग-२१वर जायचा. मिग-२१ उतरतानाच ताशी ३४० किमीच्या घरात असतं. मधली पायरीच नव्हती. ला फाँटेन समितीने १९८२मध्ये सांगितलं होतं, की प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या. करार झाला मार्च २००४मध्ये, ६६ हॉक. बिदरला ती दाखल झाली फेब्रुवारी २००८मध्ये. म्हणजे शिफारशीपासून २६ वर्षं! त्या काळात किती घरांत फोन गेले, ते मी इथे लिहीत नाही.

म्हणून कोणी म्हणालं, की प्रशिक्षण विमान म्हणजे हल्ल्याचं साधन, तर माझ्या पोटात कालवतं. आमच्याकडे ते जीव वाचवायचं साधन होतं.

शिळोप्या

पानाजी, हे वाचून थबकलो. मूळ लेखात हा कोन यायला हवा होता, माझीच चूक.

पण त्याच हॉकचा राजनैतिक इतिहास बघा. १३ डिसेंबर २००१ला आपल्या संसदेवर हल्ला झाला, दोन्ही सैन्यं सीमेवर भिडायच्या बेतात, आणि जानेवारी २००२मध्ये टोनी ब्लेअर उपखंडात शांततेचं आवाहन करत फिरत होते. त्याच सुमारास त्यांचं सरकार आपल्याला हॉक विकायला धडपडत होतं. ब्रिटनमध्ये त्यांच्यावर सडकून टीका झाली, एका हातात ऑलिव्हची फांदी आणि दुसऱ्यात ऑर्डरबुक म्हणून. आणि तरीही पानाजींचं म्हणणं खरंच आहे. विमान तेच, कागद तोच. दिलीच्या माणसाला ते वेगळं दिसतं आणि बिदरच्या विद्यार्थ्याला वेगळं.

घारीची नजर

हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय! त्यात भर: तुम्ही नाही विकलं तर दुसरा विकतो. झिम्बाब्वेकडे ब्रिटिश हॉक होती. १९९८मध्ये मुगाबे काँगोच्या युद्धात उतरले, तर ब्रिटनमध्ये सुट्या भागांवरून वाद. आधी ब्लेअरनी कुकना डावलून सुटे भाग द्यायचं ठरवलं, मग २०००च्या मे महिन्यात बंदी घातली. पुढे काय झालं? २००५मध्ये झिम्बाब्वेने चीनकडून के-८ ही शिकाऊ जेट विमानं घेतली. व्हेनेझुएलाला ब्राझीलची सुपर टुकानो हवी होती, अमेरिकेने भाग आपले म्हणून अडवली, त्यांनी के-८ घेतली. बोलिव्हियाला झेक विमानं हवी होती, तिथेही अमेरिकेने नाही म्हटलं. त्यांनी काय घेतलं ओळखा.

मिश्किल मावशी

के-८! मला बक्षीस काय?

खारावारा

आणि के-८ची आतली गोष्ट सांगू? पाकिस्तानबरोबर बनवलेल्या मूळ विमानात अमेरिकी गॅरेट इंजिन होतं, म्हणजे आजचं हनीवेल. चीनने युक्रेनच्या एआय-२५चा पर्याय ठेवला. ज्याला अमेरिका नाही म्हणेल, त्याला दुसरं इंजिन लावून द्यायचं. 'नकार' हा आपल्या मालाचा सर्वात मोठा विक्रेता आहे, हे बीजिंगने वेळेत ओळखलं.

कायद्याचं बोला

'आम्ही नाही तर दुसरा' हे वाक्य मी न्यायालयात फार वेळा ऐकलंय, बहुतेक वेळा आरोपीच्या पिंजऱ्यातून.

गंमत सोडा. घारीची नजर यांच्या यादीतून मला उलटं दिसतं. नकाराने विक्री थांबत नाही हे खरं, पण नकार द्यायची ताकद कोणाची? विमान ब्राझीलचं, घेणारा व्हेनेझुएला, आणि नाही म्हणणारा वॉशिंग्टन. ज्याने विमान बनवलं त्याला विचारतो कोण? ज्याचा एखादा भाग आत आहे, तोच मालक.

यातलं सगळ्यात ठळक उदाहरण अर्जेंटिनाचं. १९८२च्या फॉकलंड युद्धाचा राग ब्रिटनने अजून धरलाय. अर्जेंटिनाला दक्षिण कोरियाचं एफए-५० हवं होतं. हे टी-५० या प्रशिक्षण विमानाचंच हलकं लढाऊ रूप. ऑक्टोबर २०२०मध्ये कोरियन कंपनीने अर्जेंटिनाच्या राजदूताला पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली: विमानात सहा भाग ब्रिटिश आहेत, म्हणून देता येत नाही. सहा भाग! मग आपल्या तेजसचं नाव पुढे आलं. तिथेही तेच, इजेक्शन सीट मार्टिन-बेकरची, म्हणजे ब्रिटिश. एप्रिल २०२४मध्ये अर्जेंटिनाने डेन्मार्ककडून २४ जुनी एफ-१६ घेतली.

वैमानिकाचा जीव वाचवायची खुर्ची, आणि तीच विमान विकण्याआड येते.

बोरूबहाद्दर

हे भारी आहे. म्हणजे खुंट्या बाहेरच्या आणि खुर्ची आतली. वाद होतो खुंट्यांवर, सौदा मोडतो खुर्चीवर.

घारीची नजर

हे मान्य. पूर्ण मान्य. आणि म्हणूनच मी म्हणतो, नैतिकतेचं नाव फक्त पुढे असतं. अर्जेंटिना आज लोकशाही आहे, तिथे कोणी कोणावर बॉम्ब टाकत नाही, तरी नाही म्हणतात. सौदी अरेबियाला मात्र २०१२मध्ये ब्रिटनने २२ हॉक आणि पिलाटसची ५५ पीसी-२१ यांचा एकत्र सौदा करून दिला. १.६ अब्ज पौंड. तिथे नैतिक बाजू कुठे गेली?

कायद्याचं बोला

त्याच सौदीबद्दल पुढचा अध्याय आहे, आणि तो मला सगळ्यात बोधक वाटतो. पीसी-२१ स्विस. विमानं गेली, पण देखभाल आणि तांत्रिक मदतीचे करार चालू राहिले. नवं विमान म्हणजे लग्नासारखं, वरात गेली तरी व्यवहार संपत नाहीत. २०१५पासून स्वित्झर्लंडमध्ये परदेशात पुरवल्या जाणाऱ्या खाजगी सुरक्षा सेवांचा कायदा लागू आहे. भाडोत्री सैनिकांना आळा घालायला केलेला. २०१९च्या जूनमध्ये त्यांच्या परराष्ट्र खात्याने हाच कायदा काढून पिलाटसला सांगितलं, की सौदी आणि अमिरातीत तुम्ही देताय ती मदत म्हणजे तिथल्या सैन्याला केलेलं साहाय्य आहे, ९० दिवसांत बंद करा. येमेनचं युद्ध चालू होतं. कंपनी न्यायालयात गेली.

बघा, विमान विकायला ज्या सरकारने परवानगी दिली त्याच सरकारचं दुसरं खातं त्याचा पाना फिरवू नका म्हणतंय. अर्थखात्याखालचा विभाग निर्यात बघतो, परराष्ट्र खातं सेवा बघतं.

पाना पक्कड

आता पाना फिरवणाराही गुन्हेगार! मी निवृत्त झालो तेच बरं.

पण खरं सांगायचं तर पाना थांबला की विमान थांबतं. जेट शिकाऊ विमान रोज उडवायचं तर मागे सुट्या भागांची रांग लागते. कारखान्याने हात आखडला की काही महिन्यांत ताफ्यातली अर्धी विमानं दुसऱ्या अर्ध्याला भाग पुरवायला उभी राहतात. खरा लगाम इथे आहे. कागदावर घेतलेल्या वचनापेक्षा हा लगाम लवकर कळतो.

एक वाचक

मी फक्त वाचतो, क्वचित लिहितो. म्यानमारचं नाव फारसं कोणी घेतलं नाही म्हणून. २०२१च्या लष्करी उठावानंतर तिथे गावांवर हल्ले करणाऱ्या विमानांत रशियाची याक-१३० आहेत. ती प्रशिक्षण विमानंच. रशियाने याच याक-१३०चा सीरियाशी केलेला ३६ विमानांचा करार मात्र २०१२मध्ये स्थगित केला होता. म्हणजे तेही नाही म्हणू शकतात, मनात आलं की.

मिश्किल मावशी

एक वाचक, तुम्ही जास्त लिहीत जा.

खारावारा

आता थोडं घरात येऊ. इतके दिवस आपण घेणारे होतो. एचएएलचं एचटीटी-४० हे पहिल्या पायरीचं विमान तयार होतंय. मार्च २०२३मध्ये हवाई दलासाठी ७० विमानांचा करार झाला, ६,८०० कोटींहून जास्त. पुढे ते बाहेर विकायचं बोललं जातंय. समजा उद्या एखाद्या शेजारी देशाने, जिथे निवडून आलेलं सरकार तुरुंगात आहे, वीस विमानं मागितली. आपण काय करणार? शस्त्रव्यापार करारावर २०१३मध्ये संयुक्त राष्ट्रांत मतदान झालं तेव्हा आपण तटस्थ राहिलो, सहीही केलेली नाही. म्हणजे त्या बाजूने हात मोकळे.

घारीची नजर

विकू. आपल्याला कोणी विचारलं होतं का सी किंगच्या वेळी?

पाना पक्कड

घारीची नजर, एचटीटी-४०चं इंजिन हनीवेलचं आहे.

घारीची नजर

😑

शिळोप्या

हा हा. म्हणजे आपण विचार करायच्या आधी ॲरिझोनात कोणीतरी विचार करून ठेवणार.

पण खारावारांचा प्रश्न मला सोडत नाही. समजा इंजिन आपलं, खुर्ची आपली, सगळं आपलं. तर?

घारीची नजर

तर खुंट्या काढून विकू. दक्षिण आफ्रिकेसारखं.

कायद्याचं बोला

नोंद घ्यावी, घारीची नजर यांनी पहिल्यांदाच अट घातली.

घारीची नजर

वकिलांशी वाद घालू नये हेच खरं. पण खुंट्या परत बसवता येतात का हो, पानाजी?

पाना पक्कड

पंखाच्या आतलं मजबुतीकरण आणि तारा काढल्या असतील तर फार कठीण. नुसत्या वरच्या खुंट्या काढल्या असतील, तर चांगला फिटर आणि एक आठवडा.